नावाखालची रिकामी फीत

१

ओर्फा स्टालचा दिवस शिंगाला तोंड लावून सुरू व्हायचा.

आदल्या दिवशी लाकडी बूड ठोकून बसवलेलं शिंग ती सकाळी हातात घ्यायची, निमुळतं टोक ओठांत धरून आतली हवा ओढायची आणि भोकावर जीभ टेकवायची. बूड घट्ट असेल तर जीभ तिथं चिकटते, ओढून सोडवावी लागते. चिकटली नाही तर कुठंतरी फट आहे, आणि फटीच्या शिंगात बंदुकीची दारू सादळते. अडीचशे वर्षांपूर्वी सादळलेली दारू घेऊन जंगलात शिरलेला माणूस परत येईलच असं नव्हतं. आता शिंग कमरेला लावून हरणामागं जाणारे हौशी लोक संध्याकाळी जेवायला घरी असतात. ओर्फाला त्याचं काही नव्हतं. काम करायचं तर कुणाचा तरी जीव त्यावर टांगलाय असं समजून करायचं, नाहीतर सरळ स्वेटर विणत बसावं, असं ती म्हणायची. वय एकोणसत्तर. हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला कुणी तयारच नव्हतं.

घरामागं वीस पावलांवर कपडे धुण्याचं जुनं खोपटं होतं, तिथं ती बसायची. लोखंडी शेगडी, खिडकीखाली बाक, बाकावर कानशी, सुया, शिंग तासायचे काचेचे तुकडे. खिडकीतून ओढ्यावरचा उतार दिसायचा, त्याच्या अलीकडं पांढरा ओक, आणि अगदी जवळ तिचं स्वतःचं घर.

नाताळ होऊन तीन दिवस झाले होते. पेन्सिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत नाताळानंतर काही आठवडे फक्त चकमकीच्या बंदुकीनं शिकार करायची असते. कड्यावरून दिवसभर आवाज यायचे. आधी रंजक, म्हणजे बंदुकीच्या कानावरची चिमूटभर दारू, पेटल्याची फुस्स, मग श्वासभर शांतता, मग धाड. ओर्फाचे हात त्या तालाला सरावलेले होते. फुस्स झालं की सुई उचलायची, धाड झाली की टेकवायची.

त्या सकाळी टॅम्सिन ब्रॉडवॉटर आली. गावातलं छोटं संग्रहालय तीच सांभाळायची, आणि हिवाळ्यात ते बंद असायचं. तिनं बाकावर एक खोकं ठेवलं, घोंगडीची घडी उलगडली आणि म्हणाली की बूड हलतंय, वसंतात मोठा कार्यक्रम आहे, दुरुस्त करायला सबंध राज्यात तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे.

घोंगडीत एनॉस विदरोचं शिंग होतं.

ओर्फानं चष्मा पुसला. पुसायला वेळ जास्तच लावला.

शिंगाच्या पोटावर एक लाकडी गढी कोरलेली, तिचा एकेक ओंडका आणि जाड फाटक मोजून घ्यावं असं. फाटकातून निघालेली पायवाट नदीकाठानं, खिंडीतून, उतारावरून ओक वृक्षाजवळ येऊन टोकाशी एका घरापाशी संपत होती. वर सुंदर अक्षरांत: एनॉस विदरो, याचं शिंग, गढी हॅलम, १७५८. आणि त्याखाली एक कोरलेली फीत, दोन्ही टोकांना मुरड घातलेली. आत काही नाही.

"ही रिकामी का, स्टालबाई? मुलं दरवेळी विचारतात."

"मालक मेला की शिंग ज्याच्याकडं जायचं त्याचं नाव वरच्याच्या खाली कोरायचे," ओर्फा म्हणाली. "नुसतं नाव. 'याचं शिंग' वगैरे परत नाही. वरचा सुटला, खालचा अडकला, असं आम्ही म्हणतो."

"म्हणजे एनॉसनंतर कुणी मिळालंच नाही."

"असं दिसतंय खरं."

टॅम्सिन निघताना दारात थांबली. काचेच्या पेटीत शिंगाखालच्या कापडावर काळे दाणे पडतात, म्हणाली, वर्षभर झालं. झाडते, परत पडतात.

"उंदराच्या लेंड्या," ओर्फा म्हणाली. "मांजर पाळा."

२

एनॉस विदरो नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. हे ओर्फाला ठाऊक होतं, कारण तो तिनंच केला होता, बत्तीस वर्षांपूर्वी, याच बाकावर.

तेव्हा शिंग कोरणाऱ्यांचा एक मेळा दर शरदात भरायचा. सगळे दाढीवाले. ओर्फानं आपलं काम तिथं मांडलं. एकानं ते हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, बरंय, पण बाईमाणसाचा हात लगेच कळतो हो, स्वयंपाकघरातलं काम वाटतं. बाकीचे हसले. ती घरी आली, नवऱ्याला, आयराला, जेवायला वाढलं, आणि त्याच रात्री बैलाचं सगळ्यात देखणं शिंग उकळायला टाकलं.

चाळीस दिवस लागले. तिची रीत ठरलेली होती: आधी नाव कोरायचं, किरकोळ शब्द मागाहून. नाव मधोमध नेमकं बसलं पाहिजे. लग्नात आधी नवरानवरी उभी करायची, वऱ्हाड काय, उरल्या जागेत मावतं. तेव्हा आधी कोरलं एनॉस विदरो. नाव कुठून आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. मग त्याला एक गढी दिली, एक वाट दिली. वाटेच्या शेवटी घर लागत होतं, माणसाला कुठंतरी पोचायला नको का? ओर्फानं मान वर केली आणि खिडकीतून दिसलं ते कोरलं. आपलंच घर. दारातली दगडी पायरीसुद्धा. नावाखाली वारसासाठी रिकामी फीत सोडली, जुन्या शिंगांवर असते तशी.

शेवटी काजळ भरलं, राख आणि चामड्यानं घासून शिंग जुनं केलं, आणि बुडाच्या कडेला 'घडवणारी ओर्फा स्टाल' असं जे ती प्रत्येक शिंगावर लिहायची ते एवढ्या एका शिंगावर लिहिलं नाही.

आयरानं ते दाढीवाल्यांसमोर ठेवलं. एका पडक्या गोठ्यात सापडलं म्हणाला. बेत असा होता की त्यांनी स्तुती करावी, मग ओर्फानं उठून सांगावं. स्तुती झाली. स्वयंपाकघरातलं काम म्हणणाऱ्या त्याच माणसाच्या डोळ्यांत शिंग धरून पाणी आलं. असं काम आता होणे नाही, तो म्हणाला. ओर्फानं ते ऐकलं आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. खरं सांगितलं असतं तर ते शब्द त्यानं परत घेतले असते. तिला ते शब्द हवे होते.

मग शिंग संग्रहालयात गेलं. कुणीतरी एनॉसवर पुस्तिका लिहिली. दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड बसला. आयरा वारला. सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि त्यावर नाव एका नसलेल्या पुरुषाचं. हे तिला रोज सकाळी आठवायचं, दाढ दुखावी तसं.

३

शिंग दुरुस्तीला आलं की आधी छाप घ्यायची: पातळ कागद गुंडाळायचा आणि वरून कोळसा फिरवायचा, म्हणजे काम बिघडलं तर मूळ काय होतं ते हाताशी राहतं. ओर्फानं एनॉसच्या शिंगाची छाप घेतली आणि कागद खिडकीला धरला.

गढी नव्हती. सकाळी तर तिचे ओंडके मोजता आले असते.

फाटक पुसट होतं, ओंडके गायब होते. नदीचा अर्धा भाग गुळगुळीत झाला होता. तिला आधी वाटलं कागद सरकला. दुसरी छाप घेतली. तीच.

तिनं शिंग हातात घेऊन अंगठा फिरवला, आणि अंगठ्याला जे कळलं ते डोक्याला पटायला वेळ लागला. शिंग कमरेला लटकतं तेव्हा एक बाजू अंगाला लागते, कोटाला घासते. चालणाऱ्या माणसाच्या प्रत्येक पावलागणिक घासते. वर्षानुवर्षं तसं झालं की ती बाजू लोण्यासारखी होते. राखेनं आणि चामड्यानं ती झिलई आणता येत नाही. ओर्फानं प्रयत्न करून पाहिलेला होता, तिला कळत होतं. तिनं घातलेली खोटी झीज टोकाकडं होती, आणि थोडीशी. ही झीज बुडाकडून निघालेली होती, खरी होती, आणि ती पुढं सरकत होती, वाटेच्या मागोमाग. माणूस जिथवर चालून आला तिथवरचा मुलूख त्याच्या कोटानं पुसून टाकला होता.

बूच काढून तिनं वास घेतला. गंधकाचा. ताज्या दारूचा.

बरं, तिनं स्वतःला सांगितलं. पोरांना घालायला देत असतील. मेळ्यात मिरवत असतील. तिनं भिंतीवरचा फोन उचलला आणि टॅम्सिनला विचारलं, हे शिंग अंगावर कोण घालतं.

टॅम्सिनला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली की पेटी ती स्वतः उघडते, तीही फक्त कापड झाडायला, किल्ली तिच्याकडंच असते. शिंगाला हातमोज्याशिवाय हातसुद्धा लागलेला नाही.

"हातमोज्याशिवाय नाही," ओर्फा म्हणाली, "हं," आणि फोन ठेवला.

दुपारी बूड काढून नव्या खुंट्या मारून पुन्हा घट्ट ठोकलं. झिजलेली बाजू हाताला उबदार लागत होती. शेगडीजवळ ठेवलं होतं म्हणून. ते शेगडीजवळ ठेवलेलं नव्हतं हे तिला आठवत होतं, पण एकोणसत्तराव्या वर्षी आठवणीचा भरवसा किती धरायचा, असं म्हणून तिनं तो विषय मिटवला.

४

सकाळी नेहमीसारखं शिंग घेऊन टोक ओठांत धरलं आणि हवा ओढली. जीभ टेकवली. चिकटली. बूड घट्ट होतं. तिला बरं वाटलं. हाताचं काम चोख झालं की तिचे निम्मे विचार जागेवर यायचे.

मग आतून श्वास आला.

जोरानं नाही. चढ चढून आलेला माणूस नाकातून सोडतो तसा, लांब, गरम, दमलेला. तिच्या जिभेवरून घशापर्यंत गेला. दारूचा वास, आणि ओल्या लोकरीचा.

शिंग बाकावर आपटलं. ओर्फानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि बसून तर्क केला. बाहेर थंडी, आत शेगडी, शिंग पोकळ. गरम हवा फुगते. शाळेतली गोष्ट. तर्कात कुठंही फट नव्हती. तरी तिनं जीभ परत टेकवून पाहिली नाही.

दहाच्या सुमाराला शेजारचा डेलमार शॉकी आला. अंगात नारिंगी जाकीट, खांद्याला बंदूक, कमरेला ओर्फानंच केलेलं शिंग. चाळीस वर्षांचा शेजार. आल्याआल्या त्यानं शेगडीवरची कॉफी स्वतःच ओतून घेतली.

"म्हातारे, तोंड असं का पांढरं पडलंय? पीठ खाल्लंस?"

"तुझं तोंड सकाळी सकाळी बघितलं म्हणून."

तो हसला. मग शिकारीची रडगाणी झाली: हरीण नाही, रंजक पेटते आणि बार उडत नाही, गुडघे दुखतात. कप खाली ठेवता ठेवता म्हणाला की वर कड्यावर एक येडा भेटला.

"कोण?"

"ओळखीचा नाही. नारिंगी काही घातलेलं नाही, एखादा ठोकेल त्याला हरीण समजून. जुन्या थाटाचा कोट, ते तुझ्या मेळ्यातले घालतात तसला. मी हाक मारली. बघितलं नाही. बंदूकपण नाही त्याच्याकडं. नुसता चालतोय." डेलमार उठला आणि चालून दाखवायला लागला. उजवा हात त्यानं कमरेजवळ धरला, अंगापासून जरा दूर, बोटं वाकवून. "असा. काहीतरी लटकतंय आणि ते सांभाळतोय, असा. लटकत काही नव्हतं."

"कुठं चालला होता?"

"खिंडीकडून खाली. ह्याच बाजूला." तो दारात वळला. "तुझा कुणी आशिक असेल तर सांग बाई, मी दुसरीकडून जाईन."

ओर्फा हसली. दार लागलं तशी तिनं कागद घेतला, शिंगावर गुंडाळला आणि कोळसा फिरवला.

नदी नव्हती. खिंड नव्हती. काल अर्धी नदी होती, खिंड अख्खी होती, कालची छाप समोर होती. आता वाट एकदम उतारावरून सुरू होत होती. मग ओक. मग घर.

५

त्या दिवशी तिनं काम केलं नाही. दोन्ही छापा शेजारी शेजारी ठेवून बसली. कड्यावर एकदा फुस्स झालं. ती सवयीनं धाडीची वाट बघत राहिली. धाड झालीच नाही. बराच वेळ झाली नाही, आणि तिला वाटायला लागलं की ती कुणीतरी अडवून धरलीय.

शेवटी तिनं टॅम्सिनला फोन लावला आणि बत्तीस वर्षं जे बोलली नव्हती ते बोलली. सरळ. एनॉस विदरो कुणी नव्हता, शिंग मी केलं, नाव मी बनवलं, घर माझं आहे. शिंग आजच्या आज घेऊन जा आणि ते खोटं आहे असं लिहून लाव.

पलीकडून टॅम्सिन फार मायेनं बोलायला लागली, आणि त्या मायेनंच ओर्फाच्या अंगाची लाही झाली. गेल्या महिन्यात ओहायोहून एक कुटुंब आलं होतं, टॅम्सिन म्हणाली, घरचं जुनं बायबल घेऊन. त्यात एनॉसचं नाव आहे. जन्माचा दिवस आहे. एनॉसच्या बहिणीचे वंशज ते.

"कसली बहीण? मी त्याला बहीण दिली नव्हती."

"स्टालबाई, तुम्ही दमलाय. एकट्या राहता. सण झाला की असं होतं."

"मी केलंय ते. ह्या हातांनी."

"राग मानू नका," टॅम्सिन म्हणाली, "तुमचं काम सुंदर असतं. पण ते शिंग... तसं काम आता कुणाच्या हातून होत नाही. तुमच्याही नाही."

ओर्फानं फोन ठेवला. भीती होतीच. पण त्या भीतीवर दुसरं काहीतरी येऊन बसलं, जुनं, ओळखीचं, आणि तिला त्याचा आधार वाटला. हा माणूस खरा झाला तो कुणामुळं? ती गप्प बसली म्हणून. तिनं नाव घातलं नाही, त्या रिकाम्या जागेतून तो आत आला. तर मग नाव घालायचं. घडवणारी ओर्फा स्टाल. मग तो पुन्हा काजळाची रेघ होईल, आणि वाटेच्या शेवटी जे घर आहे ते त्याचं नसून तिचं आहे हे त्याला, ओहायोवाल्यांना, टॅम्सिनला, त्या मेलेल्या दाढीवाल्यांना, सगळ्यांना कळेल.

उद्या उजेड चांगला असताना, तिनं ठरवलं. थरथरत्या हातानं शिंगाला सुई लावायची नाही, हा तिचा नियम होता. हात थरथरत होते.

६

दुसऱ्या दिवशी बर्फ पडत होतं. सकाळच्या छापेत उतार नव्हता. ओक होता, अर्धा.

हात स्थिर व्हायला दुपार उलटली. घरातून निघताना तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लावून ठेवला होता, परतताना दिसावा म्हणून. आता तो बर्फातून पिवळा दिसत होता. तिनं शिंग पकडीत धरलं. बुडाची कडा, जिथं एरवी ती आपलं नाव घालायची, झिजून आरशासारखी झाली होती. तिथं सुई ठरेना, घसरून जायची. शिंग फिरवत तिनं जागा शोधली. एकच होती. कोरी, कडक, धारेला धरून ठेवणारी. नावाखालची फीत. चालतंय की, ती म्हणाली. छातीवरच घालते.

मधोमध खूण केली. नाव आधी.

गोल ओ काढायला सगळ्यात अवघड, शिंगावर सुई गोल फिरत नाही. तो असा फिरला की तिला स्वतःचाच हेवा वाटला. बत्तीस वर्षांपूर्वीचा हात परत आला होता. खिडकीकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर ओक दिसला असता, आणि ओकाखाली काय आहे ते तिला बघायचं नव्हतं. बाहेर बर्फ दाबल्याचा आवाज आला. कर्र. कर्र. डेलमार असेल. डेलमार लंगडतो, त्याचं एक पाऊल ओढत येतं. ही पावलं सारखी होती. ती घराकडं गेली. थांबली. मग खोपट्याकडं वळली.

ओर्फा कोरत राहिली. आडनावाची शेवटची रेघ ओढली, फुंकर मारली, काजळाचं बोट फिरवलं, पुसलं. ओर्फा स्टाल. काळंभोर, उंच, मधोमध.

दारात कुणीतरी बूट आपटले. एकदा, दोनदा. बाहेरून घरी आलेला माणूस पायरीवर बर्फ झाडतो तसे.

ती वळली नाही. पण बाकावर तासायच्या काचेचा मोठा तुकडा भिंतीला टेकवलेला होता आणि त्यात तिच्या खांद्यामागचं दार दिसत होतं. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात दव धरलेली काच. काचेपलीकडं पाठ. एक रुंद, ओली पाठ, दाराला जवळजवळ टेकलेली. तो आत बघत नव्हता. आलेल्या वाटेकडं बघत होता. उजवा हात कमरेजवळ, अंगापासून दूर. बघता बघता तो हात खाली आला आणि नुसता लोंबला. खांदे उतरले. मग तोच श्वास, काल सकाळी जिभेवर आलेला, पण आता मोकळा, शेवटपर्यंत सोडलेला.

काचेवरचं दव एकदम वाढलं. ते विरलं तेव्हा दारापलीकडं फक्त बर्फ होतं.

७

ओर्फानं सुई खाली ठेवली. मग हसू आलं. मोठ्यानं हसली. दार उघडून बघितलं: पायरीवर झाडलेल्या बर्फाचे दोन ढीग होते, येणारी पावलं होती, जाणारी नव्हती. जाईल कुठं? संपला तो. एका सुईनं आणला होता, एका सुईनं घालवला. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, ह्याचंच तिला वाईट वाटलं.

राहिलेले शब्द घालायला तिनं शिंग पकडीतून काढलं आणि उजेडाला धरलं.

गढी परत आली होती. एकेक ओंडका, जाड फाटक, नदी, खिंड, उतार, सगळं काल कोरल्यासारखं टोकदार. झीज कुठंच नव्हती. शिंग नवं होतं. एक पाऊलसुद्धा न चाललेलं.

ती 'घडवणारी'साठी जागा बघायला लागली. फितीत जागा नव्हती. नाव या मुरडीपासून त्या मुरडीपर्यंत भरून बसलं होतं. इतकं मोठं ती कधीच कोरत नसे. तिनं वरून खाली वाचलं, परका माणूस वाचेल तसं. एनॉस विदरो. खाली, ओर्फा स्टाल. नुसतं नाव.

वरचा सुटला, खालचा अडकला. टॅम्सिनला तिनं स्वतःच सांगितलं होतं. ह्याच बाकापाशी. हसत.

तिनं काचेचा तुकडा उचलला. नाव तासून टाकायचं, दोन मिनिटांचं काम. हात इतका थरथरत होता की काच बोटांतून निसटून फुटली. बरं. नियम तो नियम. घरात जायचं, गरम काहीतरी प्यायचं, हात शांत झाले की परत यायचं. उजेड अजून तासभर होता. शिंग तिनं बाकावर ठेवलं. ठेवलेलं नीट बघितलं. वरून घोंगडी टाकली.

दार लावलं आणि निघाली. वीस पावलं. पंचेचाळीस वर्षं ती हे अंतर बर्फातूनही डोळे मिटून चालत आली होती. आज बर्फ तोंडावर येत होतं म्हणून मान खाली घालून पावलं मोजत गेली. पाच. आठ. चौदा. खांद्याला पट्टा काचतोय असं वाटलं, कोटाची शिवण असेल. अठरा. एकोणीस. वीस.

पायरी लागली नाही.

मागं, अगदी जवळ, जाड लाकडी फाटक आतून लागल्याचा आवाज झाला. अडणा सरकला.

तिनं मान वर केली. घर दिसत होतं. फार खाली, नदीच्या पलीकडं, खिंडीच्या पलीकडं, ओकाच्या फांद्यांतून, मोहरीएवढं. खिडकीत दिवा होता. तिनंच लावलेला. दिवा आहे म्हणजे काही चुकलेलं नाही, ओर्फानं स्वतःला समजावलं, वाट तिला पाठ आहे, तिनंच तर काढली. आणि ती उतरायला लागली, उजवा हात कमरेजवळ धरून, अंगापासून जरा दूर.